उचलून नेता न येणारी गाडी

आपल्याकडे पायऱ्यांवरचा उपाय ठरलेला आहे. व्हीलचेअरवरची व्यक्ती बँकेच्या, दवाखान्याच्या किंवा मंगल कार्यालयाच्या दारात आली की कुणीतरी हाक मारतं, दोघं पुढून धरतात, दोघं मागून, आणि खुर्ची माणसासकट वर जाते. हे मनापासून होतं. उचलणाऱ्यांत रिक्षावाला असतो, वॉचमन असतो, रांगेतला एखादा कॉलेजचा मुलगा असतो. घडीची साधी खुर्ची पंधरा-अठरा किलोंची असते, त्यामुळे जमूनही जातं. मोबिलिटी स्कूटर आली की हा उपाय संपतो. बॅटरी धरून तिचं वजन सहज पन्नास किलोंच्या पुढे जातं, मोठ्या गाड्यांचं शंभरच्याही वर, आणि त्यावर माणूस बसलेला असतो. ती उचलता येत नाही. तिला रस्ताच लागतो.

या प्रश्नाची नस मला इथे दिसते. चालण्याची अडचण असलेल्या माणसाने कुणाला हाक न मारता घरातून निघावं, काम करून परत यावं, एवढीच गोष्ट आहे. वाहनं सुधारत गेली, कायदे झाले, निकाल लागले. तरी आपलं सार्वजनिक जीवन अजून त्या चार माणसांच्या भरवशावर चाललं आहे.

मोबिलिटी स्कूटर नेमकी कुणासाठी, हे आधी स्पष्ट करायला हवं. १९६८ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात प्लंबिंगचा व्यवसाय करणाऱ्या ॲलन थीम यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस झालेल्या एका नातेवाईक बाईंसाठी अशी गाडी बनवली आणि तिला 'अमिगो' नाव दिलं. खुर्चीसारखी सीट, पाय ठेवायला सपाट फळी, समोर हँडलचा दांडा, तीन किंवा चार लहान चाकं आणि माणसाच्या चालीच्या आसपासचा वेग, हा साचा आजही फारसा बदललेला नाही. ज्यांच्या हातांत ताकद नाही, त्यांच्यासाठी जॉयस्टिकवर चालणारी विद्युत खुर्ची असते. स्कूटर त्यांच्यासाठी आहे, ज्यांना थोडं चालता येतं पण पुरेसं चालता येत नाही. संधिवात झालेले, हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा आजार असलेले, पार्किन्सन्सच्या सुरुवातीच्या टप्प्यातले लोक यांत येतात. घरातल्या घरात ते भिंतीला धरून फिरतात. कोपऱ्यावरचं दूधकेंद्र मात्र त्यांना परगावासारखं लांब होतं.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर ही गाडी अजून विरळच आहे. बहुतेक मोबिलिटी स्कूटर बाहेरच्या देशांतून येतात आणि किंमत लाखाच्या आसपास जाते. आपण पाहतो त्या हाताने फिरवायच्या तीनचाकी सायकली, आणि मागे दोन्ही बाजूंना जादा चाकं लावलेल्या स्कूटर. त्या जादा चाकांनी हजारो लोकांना नोकरी दिली, कॉलेज दिलं, असं म्हटलं तर ते खरंच आहे. मागच्या सीटला कुबड्या बांधून, पायात कॅलिपर चढवून रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणारी माणसं प्रत्येक तालुक्याच्या गावात आहेत. पण या स्कूटरची हद्द फाटकापाशी संपते. ती ऑफिसच्या आत नेता येत नाही, भाजीबाजाराच्या गल्लीत घालता येत नाही, फलाटावर चढवता येत नाही. तिथून पुढे पुन्हा कुबड्या, नाहीतर कुणाचा तरी खांदा. कुबड्याही ज्यांना पेलत नाहीत, ते हातांवर सरपटत जातात. तहसील कचेरीच्या जिन्यावर हे दृश्य ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना ते विसरता येत नाही.

यात एका पिढीचा प्रश्न दडला आहे. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. नवे रुग्ण थांबले, पण त्याआधीच्या दशकांत ज्यांच्या पायांवरून तो गेला, ती मंडळी आज चाळिशीच्या, पन्नाशीच्या, साठीच्या घरात आहेत. आयुष्यभर त्यांच्या खांद्यांनी पायांचं काम केलं. आता खांदे दुखतात, मनगटं सुजतात, आणि बरे असलेले स्नायूही थकायला लागतात. पंचविसाव्या वर्षी पन्नास पायऱ्या कुबड्यांवर चढून जाणाऱ्याला पंचावन्नाव्या वर्षी तीन जड जातात. 'इतकी वर्षं तर करत होता की' हे वाक्य त्याला घरातूनही ऐकावं लागतं.

सरकारकडून साधनं मिळतात. केंद्राची एडिप योजना १९८१ पासून आहे, आणि कानपूरच्या अलिम्को या १९७२ साली स्थापन झालेल्या सरकारी कंपनीत कुबड्यांपासून बॅटरीवरच्या तीनचाकीपर्यंत सगळं बनतं. तालुक्याच्या ठिकाणी शिबिरं लागतात, तीनचाकी ओळीने उभ्या करतात, फोटो निघतात. अडचण त्यानंतर सुरू होते. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते, कंट्रोलर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात बिघडतो, आणि सुटे भाग गावात मिळत नाहीत. एका माणसाचे पाय म्हणून दिलेलं यंत्र मग गोठ्यात पडून राहतं. दुरुस्तीची सोय हा माझ्या मते वाटपाइतकाच मोठा विषय आहे, आणि त्याचा शिबिराच्या दिवशी उल्लेखही होत नाही.

चांगली बातमीही आहे. आयआयटी मद्रासमध्ये जन्मलेल्या निओमोशन कंपनीने २०२१ मध्ये 'निओबोल्ट' आणलं. वापरणाऱ्याच्या मापाने बनवलेल्या व्हीलचेअरला पुढून एक मोटरचं चाक जोडायचं. ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग, एका चार्जमध्ये साधारण २५ किलोमीटर. ऑफिसला पोचल्यावर पुढचं चाक दारात सोडायचं आणि खुर्ची आत न्यायची. फाटकापाशी संपणाऱ्या प्रवासावर हे नेमकं उत्तर आहे, आणि ते आपल्या रस्त्यांचे खड्डे ओळखून शोधलेलं आहे. पुढे प्रश्न राहतो तो दाराचा.

दाराबद्दल कायदा काय म्हणतो? दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मध्ये संसदेने मंजूर केला आणि १९ एप्रिल २०१७ रोजी तो लागू झाला. कलम ४४ सांगतं की सुगम्यतेचे निकष न पाळणाऱ्या नव्या इमारतीला परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला द्यायचा नाही. कलम ४५ सांगतं की अस्तित्वात असलेल्या सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या. नियम जून २०१७ मध्ये निघाले, म्हणजे ती पाच वर्षं २०२२ मध्येच संपली. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास पन्नास हजार ते पाच लाख. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेलं सुगम्य भारत अभियानही मुदती वाढवत वाढवत पुढे सरकलं. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग करण्याचा निर्णय घेतला.

मग अडलं कुठे, याचं एक उत्तर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलं. राजीव रतुरी विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्यायालयाने २०१७ च्या नियमांतला नियम १५ मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा म्हणत होता 'करावंच लागेल', आणि नियमाच्या आधाराने निघालेली मार्गदर्शक तत्त्वं म्हणत होती 'केलेलं बरं'. त्या फटीतून प्रत्येक खातं सुटत होतं. बंधनकारक निकष वेगळे काढून तीन महिन्यांत नवे नियम करा, असा आदेश झाला. रतुरी हे दृष्टिहीन आहेत आणि त्यांनी ही याचिका २००५ मध्ये केली होती. एका उताराचा हक्क कागदावर पक्का व्हायला इतका काळ जावा, याचं दुःख मला त्या निकालाच्या आनंदापेक्षा मोठं वाटतं.

आता फूटपाथ. इथे थांबून बोलायला हवं, कारण घरापासून कुठेही जायचं तर पहिली गाठ त्याच्याशी पडते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, आणि प्रत्येक चौकात, प्रत्येक फाटकापाशी रस्त्याशी समतल होणारा उतार हवा. प्रत्यक्षात फूटपाथ गुडघ्याच्या जवळ पोचतो, कारण दर काही वर्षांनी त्याच्यावर पेव्हर ब्लॉकचा नवा थर पडतो. त्यावर डीपीची पेटी, झाडाचा पार, फलकाचा खांब, उखडलेलं चेंबरचं झाकण. मोबिलिटी स्कूटरची चाकं लहान आणि तळ जमिनीलगत असतो, त्यामुळे माणूस सहज ओलांडेल अशा चार-पाच सेंटिमीटरच्या कडेवर ती अडते. अडली की मागे घ्यायची, मागे गर्दी. शेवटी माणूस रस्त्यावर उतरतो आणि बसच्या, डंपरच्या शेजारून, त्यांच्या चालकाला दिसणार नाही इतक्या खालच्या उंचीवरून जातो. पावसाळ्यात तर पाण्याखाली खड्डा आहे की रस्ता, हे चाक आत गेल्यावरच कळतं.

पुण्यात जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद झाले तेव्हा अनेकांना पहिल्यांदा समजलं की हे आपल्याकडेही होऊ शकतं. व्हीलचेअरवरची माणसं, बाळाची गाडी ढकलणाऱ्या आया, काठी टेकणारे आजोबा एकाच फरसबंदीवरून जाताना दिसले. मग रुंद फूटपाथवर दुचाक्या चढल्या. दुचाक्या अडवायला खांब बसले. आणि त्या खांबांमध्ये व्हीलचेअर अडकली.

ही गोष्ट एका रस्त्याची नाही. मुंबईत फूटपाथच्या तोंडाशी इतके जवळजवळ खांब ठोकले गेले की व्हीलचेअर वापरणाऱ्या एका मुंबईकराने उच्च न्यायालयाला ईमेल पाठवला, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. व्हीलचेअरची रुंदी साधारण ६५ ते ७० सेंटिमीटर असते, म्हणजे हात न खरचटता जायला नव्वद सेंटिमीटर तरी फट हवी. दुचाकीच्या हँडलची रुंदीही जवळपास तेवढीच. याचा अर्थ खुर्चीला आत घेणारी आणि मोटरसायकलला बाहेर ठेवणारी फट अस्तित्वातच नाही. खांब हे काम करू शकत नाही, ते पोलिसाने आणि पावतीने करायचं काम आहे. फूटपाथवर गाडी घालणाऱ्याला शिस्त लावणं अवघड म्हणून आपण खांब रोवले, आणि त्याची किंमत ज्याने नियम मोडलाच नव्हता त्याच्याकडून वसूल झाली. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोकळा फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि तो दिव्यांगांनाही वापरता आला पाहिजे असं बजावलं. खांबांचं अंतर आता घटनेच्या एकविसाव्या कलमाशी जोडलं गेलं आहे.

वाहतुकीत चित्र संमिश्र आहे. मुंबई आणि पुण्याची मेट्रो चाकांसाठी खरोखर चांगली आहे: लिफ्ट आहे, डबा आणि फलाट एका पातळीत आहेत, आत खुर्चीची जागा आहे. मात्र स्टेशनबाहेरच्या रस्त्यावर पुन्हा पहिलाच पाढा. लोकलमध्ये दिव्यांगांचा राखीव डबा आहे, पण फलाट आणि डबा यांतली फट व उंची यांमुळे एकट्याने चाकांवरून आत जाणं अशक्यच, आणि गाडी थांबते वीस-तीस सेकंद. एसटी दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत देते. मात्र लालपरीची पहिली पायरी ज्याला चढता येत नाही, त्याला ती सवलत कधी वापरताच येत नाही. शहरी बसमध्ये खालच्या पातळीच्या, रॅम्प असलेल्या गाड्या वाढताहेत. रॅम्प उघडायला कंडक्टरला खाली उतरावं लागतं, बस थांब्याला चिकटून उभी करावी लागते. हे रोजच्या सरावात बसायला अजून वेळ लागेल. अमेरिकेत डेन्व्हर शहरात जुलै १९७८ मध्ये १९ अपंग लोकांनी भर चौकात बसपुढे बसून रात्र काढली, तेव्हा कुठे त्या शहराच्या बसना लिफ्ट लागायला सुरुवात झाली.

विमानाचा अनुभव न्यायालयात गेला तो गोव्याच्या वाटेवर. फेब्रुवारी २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या कार्यकर्त्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्यातल्या एका परिषदेला निघाल्या होत्या. जागेवर बसल्यानंतर त्यांना विमानातून उतरवण्यात आलं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई मंजूर केली. त्याच गोव्यात जानेवारी २०२३ पासून पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव भरतो. त्या दिवसांत पणजीत व्हीलचेअर, पांढऱ्या काठ्या, सांकेतिक भाषेतले हात इतके सहज दिसतात की वेगळेपण विरून जातं. पुढच्या आठवड्यातही पणजी तशीच राहावी, ही अपेक्षा तिथे जाणारे अनेक जण बोलून दाखवतात.

पाहुण्यांसाठी आपण पूर्वीही रॅम्प केले आहेत. २००१ च्या जानेवारीत स्टीफन हॉकिंग भारतात आले. स्वतः व्हीलचेअर वापरणारे कार्यकर्ते जावेद अबिदी यांनी पाठपुरावा केला, आणि दिल्लीत कुतुबमिनारसारख्या स्मारकांवर लाकडी रॅम्प टाकले गेले. दर निवडणुकीत मतदान केंद्रांवर एका दिवसापुरते उतार उभे राहतात, त्याच शाळांमध्ये जिथे वर्षभर व्हीलचेअरवरच्या मुलाला वर्ग मिळत नाही. एका दिवसासाठी होतं, म्हणजे जमतं. आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदी यांना मुंबईत स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी दोन मजले उचलून न्यावं लागलं, कारण खारमधल्या त्या सरकारी कार्यालयाला लिफ्ट नव्हती. लग्नाच्या दिवशी जिन्यात परक्यांच्या हातांवर तरंगताना पडण्याची भीती वाटत होती, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. चार माणसांचा उपाय किती तोकडा आहे, ते त्या दिवशी देशभर पोचलं.

दगड-विटांच्या पलीकडे नजरा असतात. 'काय झालं होतं?' हे अनोळखी माणूस पहिल्याच वाक्यात विचारतो. हॉटेलात वेटर सोबतच्याला विचारतो, 'यांना काय आणू?' न विचारता मागून खुर्ची ढकलली जाते, डोक्यावर हात ठेवला जातो, देवळाबाहेर मांडीवर नाणं पडतं. देणाऱ्याचं मन चांगलं असतं. घेणारी कदाचित शाळेची मुख्याध्यापिका असते. आणि एकटं बाहेर पडलं की ठरलेला प्रश्न येतो: 'सोबत कुणी नाही का?'

मोबिलिटी स्कूटर वापरणाऱ्यांची कोंडी आणखी निराळी असते. वरच्या फळीवरचा साबण घ्यायला ती व्यक्ती उठून उभी राहिली की भोवतीचे चेहरे बदलतात. 'चालता येतंय की!' दहा पावलं चालता येणं आणि दहा मिनिटं चालता येणं यांतला फरक आपल्या समाजाच्या डोळ्यांना अजून दिसत नाही. अपंगत्व म्हणजे पूर्ण किंवा अजिबात नाही, अशीच आपली समजूत आहे. त्यामुळे ज्यांना गरज आहे असे कितीतरी लोक, विशेषतः पन्नाशी-साठीच्या बायका, गाडी परवडत असूनही घेत नाहीत. लोक काय म्हणतील म्हणून त्या दुखऱ्या गुडघ्यांनी घरात बसतात. बाहेर पडणाऱ्या बायका निघण्याआधी पाणी कमी पितात, कारण वाटेत चाक आत जाईल असं स्वच्छतागृह सापडेल याची खात्री नसते. त्यातून होणाऱ्या मूत्रमार्गाच्या संसर्गाचा संबंध डॉक्टर क्वचितच दाराच्या रुंदीशी जोडतात.

ही लाज मोडायला माणसंच उदाहरण ठरतात. सोळाव्या वर्षी कमरेखालची संवेदना गेलेल्या कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या बाबूकाका दिवाण यांना भेटल्या आणि उभारी धरून कामाला लागल्या. १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी राहिली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचं आत्मकथन अनेक मराठी घरांत पोचलं. अपंग माणूस हा दयेचा विषय नसून काम मागणारा, काम देणारा माणूस आहे, हे त्यांनी करून दाखवलं.

मोबिलिटी स्कूटर जिथे सर्रास दिसते, त्या ब्रिटनमध्ये सगळं सुरळीत आहे असं नाही. १९८८ च्या नियमांनी तिथे मोटरवर चालणाऱ्या अशा गाड्यांचे दोन वर्ग केले: फूटपाथवर ताशी चार मैलांची गाडी, आणि रस्त्यावर ताशी आठ मैलांपर्यंत जाणारी, जिची नोंदणी करावी लागते. वाहन चालवण्याचा परवाना दोन्हींना लागत नाही. मिल्टन कीन्स शहरात १९७९ मध्ये शॉपमोबिलिटी सुरू झाली: खरेदीपुरती गाडी उसनी घ्यायची, काम झालं की परत करायची. आपल्या मॉलमध्ये, मोठ्या रुग्णालयांत, देवस्थानांत ही कल्पना उद्याही राबवता येईल, आणि ज्यांना स्वतःची गाडी परवडत नाही त्यांना तिचा खरा उपयोग होईल. पण त्या देशातही बसमधली व्हीलचेअरची जागा बाबागाडीने अडवली तर ती कुणी सोडायची, हा वाद डग पॉली यांना २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. चालकाने नुसती विनंती करून गप्प बसू नये, असा निकाल झाला. स्कूटरला तर कित्येक बस ठराविक मापाची असली तरच घेतात. आपल्या मोटार वाहन कायद्यात दिव्यांगांसाठी रूपांतरित वाहनाची व्याख्या आहे, मात्र फूटपाथवरून चालीच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचे असे स्वतंत्र वर्ग नाहीत. ते करताना परवान्यांचं जंजाळ मागे लागू नये, एवढी काळजी घ्यायला हवी.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. त्यांतल्या सुमारे ५४ लाखांची अडचण हालचालीची होती. महाराष्ट्रात एकूण सुमारे साडेएकोणतीस लाख. तेव्हापासून वयाची साठी ओलांडलेल्यांची संख्या वाढत गेली आहे, आणि गुडघे कुणाची जात, पक्ष, पगार विचारत नाहीत. म्हणून हा विषय आता न्यायालयापेक्षा हाउसिंग सोसायटीच्या सभेत जास्त निघतो. लिफ्ट आहे, पण लिफ्टपर्यंत तीन पायऱ्या आहेत, अशा इमारती मुंबई-पुण्यात गल्लोगल्ली सापडतात. गाडी घेतली तर ती चार्ज कुठे करायची, खालच्या मीटरवर लावायची तर बिल कुणाच्या नावे, हेही तिथेच ठरतं.

त्या तीन पायऱ्यांचा हिशेब असा आहे. पंधरा सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर उंची. एकास बारा या प्रमाणाने उतार काढायचा तर साधारण साडेपाच मीटर लांबी लागते, वर आणि खाली वळायला दीड-दीड मीटर मोकळी जागा वेगळी. याहून आखूड रॅम्प बांधला तर तो चढताना खुर्ची मागे कलंडते, आणि असे आखूड, उभे, केवळ दाखवायला केलेले रॅम्प आपल्याकडे खूप आहेत. साडेपाच मीटर म्हणजे एका मोटारीची पार्किंगची जागा. ती कुणाची घ्यायची, हा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर लेखी घालता येतो, आणि त्यासाठी सोसायटीत आज कुणी व्हीलचेअरवर असण्याची वाट पाहावी लागत नाही.